फुरशांची मोजदाद

आमच्या वाचनालयाची पुरस्कार समिती म्हणजे सात माणसं, एक कुरकुरणारा पंखा आणि चहाचा थर्मास. तालुक्यातून बाहेर पडून नाव काढलेल्या एकाला दरवर्षी शाल, श्रीफळ आणि पाच हजार रुपये द्यायचे, एवढंच काम. यंदा शरीरक्रियाशास्त्राच्या एका प्राध्यापकांचं नाव पुढे आलं. माणूस इथलाच, शाळा इथलीच, गेली तीस वर्षं मुंबईत. श्वासाचं नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंवर त्यांचं काम. नाव सुचवणाऱ्या तरुणाने लगेच मोबाइल पुढे धरला. 'गूगल स्कॉलरवर बघा. सायटेशन बाराशेच्या वर, एच-इंडेक्स अठरा.' म्हणजे प्रत्येकी निदान अठरा सायटेशन मिळालेले अठरा लेख. समितीतल्या एका बागायतदारांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, 'विंचू चावलो तर सायटेशन उगाळून लावूचा काय?' सगळे हसले, मीही हसलो. पण तिथून पुढे तासभर जे चाललं त्याला वाद म्हणणं जड जातं. एक बाजू आकडा सांगत राहिली, दुसरी 'गावाला उपयोग काय' म्हणत राहिली. त्या प्राध्यापकांनी लिहिलंय काय, हे सातांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकल्या, आणि एकाच जागी चुकल्या. दोघांनाही न वाचता निकाल हवा होता. सायटेशन म्हणजे काय? पुढच्या संशोधकाने आपल्या लेखात मागच्याच्या कामाचा केलेला उल्लेख. तो उल्लेख एखाद्या वाक्यात असतो आणि त्या वाक्याला काहीतरी म्हणायचं असतं. 'यांनी दाखवलं म्हणून आम्ही पुढे गेलो', 'यांचं मोजमाप चुकलं', 'ही पद्धत आम्ही वापरली', 'या विषयावर पूर्वीही लिहिलं गेलं आहे', ही चार वाक्यं चार वेगळ्या गोष्टी सांगतात. मोजणाऱ्या यंत्राला मात्र ती चारही सारखीच, प्रत्येकी एक. आपल्याकडच्या शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी नीट मांडायचा आणि मग तो खोडायचा, अशी रीत होती. ज्याचं मत सर्वांत जास्त खोडलं गेलं त्याला सर्वांत मोठा पंडित ठरवलं असतं, तर काय झालं असतं? सायटेशन मोजून माणसाची उंची ठरवणं त्याहून फार वेगळं नाही. सायटेशन आधी वाचावं लागतं. मोजायचंच असेल तर ते नंतर.

आता आकडेवाल्यांचं सगळ्यांत वजनदार म्हणणं. ते त्या तरुणाने मांडलं नाही, म्हणून मीच मांडतो. आकड्याला आडनाव नसतं. ज्याने वशिल्याची नोकरभरती पाहिली आहे त्याला या वाक्याची किंमत कळेल. एका संस्थेत मी मुलाखतीला गेलो होतो तेव्हा बाहेरच्या टपरीवरचा चहावाला मला म्हणाला, 'सर, जागा भरलीय, तुम्ही चहा घ्या नि एसटी पकडा.' त्याचं बरोबर निघालं. अशा जगात आगापीछा नसलेल्या, खाडीपलीकडच्या एखाद्या वाडीतून आलेल्या मुलीच्या हातात 'माझं काम एवढ्या लोकांनी वापरलं' असा कागद असेल, तर तो तिचा आधार आहे. तज्ज्ञांच्या समितीवर सोपवा म्हणणाऱ्यांनी त्या समित्या आतून पाहिलेल्या नसतात. हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो.

पण मान्य करून पुढे विचारतो, वशिला गेला कुठे? तो आकड्याच्या आत जाऊन बसला. विभागातल्या प्रत्येक लेखावर विभागप्रमुखाचं नाव, तू मला उद्धृत कर मी तुला करतो, स्वतःच्याच जुन्या लेखांचा दर लेखात पाढा. हे सगळं सायटेशनच्या आकड्यात जमा होतं आणि बाहेर येतं ते धुतल्या तांदळासारखं. समितीने लेखी कारणं दिली, 'या लेखातला हा प्रयोग आम्हांला महत्त्वाचा वाटला, तो यासाठी', तर ती कारणं कुणीही वाचून खोटी पाडू शकतो. माहितीच्या अधिकारात मागवू शकतो, कोर्टात नेऊ शकतो. एकवीस हे अठरापेक्षा जास्त, या कारणापुढे तुम्ही काय बोलणार? त्या मुलीला संरक्षण हवं असेल तर ते लेखी कारणांत जास्त आहे.

इथे आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट आठवते. फुरसं हा विषारी साप कोकणातल्या कातळावर राहतो. हातभराचं, पण जीव घेणारं. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला इंग्रज सरकारने भरघोस बक्षीस लावलं आणि आठ दिवसांत लाखाहून जास्त मेलेली फुरशी जमा झाली. लाखाहून जास्त! लोकांनी बक्षिसासाठी साप पाळले असतील अशी गोष्ट रचायची गरज नाही. मला तर ती मोजदाद सगळी खरी असावी असंच वाटतं. गंमत त्यातच आहे. मोजदाद खरी, कष्ट खरे, खर्च खरा, आणि आज दीडशेहून जास्त वर्षांनी पावसाच्या तोंडाला चिरे हलवताना माणूस आधी काठीने ठोकून बघतो ते बघतोच. सरकारला हवं होतं माणसांचं मरण कमी व्हायला, आणि मोजली गेली फुरशांची प्रेतं. दोन्हींचा काहीतरी संबंध होताच. पण जे मोजलं जातं तेच वाढतं, आणि ज्यासाठी मोजायला घेतलं ते पायाखाली तसंच राहतं.

आपल्या विद्यापीठांत हेच झालं. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. लेखाला गुण, ग्रंथाला गुण, परिसंवादाला गुण. हेतू चांगला होता. वशिल्यालाच वेसण घालायची होती. पण गुण मिळणार म्हटल्यावर गुण विकणारी दुकानं निघाली. पैसे भरा, आठवड्यात लेख छापून घ्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी शिफारस केलेली नियतकालिकं तपासली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापला. तपासलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असू शकतात, असा. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून जास्त नियतकालिकं यादीतून काढली. पुढे नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. त्या वर्षांत माझ्या ओळखीचे चांगले शिक्षक, वर्गात जीव ओतणारे, रात्री बसून कशावर तरी काहीतरी लिहीत होते. त्यांना लाज वाटत होती आणि मुलांच्या फीचे हप्तेही भरायचे होते. त्यांना दोष देणं सोपं आहे. मला ते जमत नाही.

कुणी म्हणेल, ही लेख मोजण्याची गोष्ट झाली. सायटेशन तर दुसरे देतात, ते विकत कसं घेणार? घेता येतं, पण ते बाजूला ठेवू. अगदी निर्मळ सायटेशनही काय सांगतं बघा. २०१४ मध्ये 'नेचर'ने जगातल्या सर्वाधिक उद्धृत शंभर लेखांची यादी केली. पहिला नंबर कुणाचा? ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१च्या लेखाचा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची पद्धत त्यात आहे, आणि त्याला तीन लाखांहून जास्त सायटेशन. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा १९५३चा लेख त्या शंभरांत नाही. लाउरींचा लेख टाकाऊ होता का? मुळीच नाही. पाककृतीत मीठ लिहावंच लागतं, तसा तो लिहावा लागला. मिठाचा उल्लेख सगळ्यांत जास्त म्हणून मीठ हा काही सर्वोत्तम पदार्थ ठरत नाही. दुसरं टोक म्हणजे १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला वेकफील्डचा लेख. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा, आणि २०१० मध्ये मागे घेतला गेलेला. त्यालाही भरपूर सायटेशन आहेत, आणि त्यांतली बहुतेक तो कसा चुकीचा आहे हे सांगणारी. आकड्याला दोन्ही लेख मोठेच दिसतात.

मजा म्हणजे ज्याने सायटेशनची सूची काढली त्याचा मुख्य हेतू माणसं मोजण्याचा नव्हता. यूजीन गारफील्डने १९५५ साली 'सायन्स'मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली. त्याचा मुख्य मुद्दा वाचकाच्या सोयीचा होता: एखादा लेख हाती आला की त्यावर पुढे कुणी काय आक्षेप घेतले ते शोधता यावं, म्हणजे खोट्या नि जुनाट माहितीचा डोळे मिटून केलेला उल्लेख थांबेल. टीकेपर्यंत पोचायची ती वाट होती. त्या वाटेवर आपण टोलनाका बसवला आणि किती गाड्या गेल्या तेवढं लिहून ठेवतो.

आता बागायतदारांकडे वळतो, कारण खरी पंचाईत त्यांच्या बाजूची आहे. त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. संशोधनाला पैसा लोकांचा लागतो. ज्या भागात रात्री छातीत दुखलं तर माणसाला घेऊन कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठावी लागते, तिथल्या माणसाने 'आम्हांला काय' विचारलं तर त्याला अडाणी म्हणणं हा उद्धटपणा आहे. शिवाय त्यांच्याकडे एक पक्कं उदाहरण आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली काजूची 'वेंगुर्ला-४', नाहीतर हापूसमधला साका (गर आतून पांढरट, भुसभुशीत होणं) टाळायला नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली आलेला 'रत्ना'. बागेत झाड लावणारा शेतकरी लेख लिहीत नाही, म्हणून त्याने लावलेल्या कलमाचं सायटेशन कुठे होत नाही. उपयोग हजारो एकरांत आणि सूचीत नोंद मात्र शून्य. हे आकड्याचं आंधळेपण त्यांनी बरोबर पकडलं.

पण विंचवाचं उदाहरण त्यांनी काढायला नको होतं. तिथे ते माझ्या हातात सापडले. लाल विंचू दिसायला काळ्या इंगळीपुढे किरकोळ, पण भाताचा भारा उचलताना तो डसला की पूर्वी कोकणात पोरं रात्रीतून जात. उलट्या, अंग घामाने थबथबलेलं, हातपाय बर्फासारखे, मग धाप आणि तोंडाशी गुलाबी फेस. १९७०च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले, नोंदी ठेवल्या आणि १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. विषाने मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात, अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे कळल्यावर त्यांनी प्राझोसिन वापरलं, रक्तदाबाची एक साधी, स्वस्त गोळी. ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा ग्राहींना, म्हणजे त्या द्रव्यांचा संदेश पकडणाऱ्या जागांना, अडवते आणि आवळलेल्या वाहिन्या सैल होतात. शंभरात तीस-चाळीस मरायचे तिथे हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी महाडमध्येच सत्तर रुग्णांवर रीतसर चाचणी घेतली. विंचवाची प्रतिलस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हे तिच्यात दिसलं, आणि ती २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली.

बागायतदार म्हणतील, बघा, हाच माणूस हवा! उपयोगाचा! थांबा. प्राझोसिन अडवतं ते अल्फा ग्राही आहेत हे कुणी सांगितलं? १९४८ साली रेमंड आल्क्विस्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांना शरीरात दोन वेगळ्या जातींचे ग्राही प्रतिसाद देतात, असं मांडलं आणि त्यांना अल्फा नि बीटा ही नावं दिली. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने तो लेख परत पाठवला. मग तो 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त छापून आला आणि जवळजवळ दहा वर्षं कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढे जेम्स ब्लॅकने त्या बीटावरून हृदयविकाराचं औषध काढलं, तेव्हा लोकांना तो आठवला. १९५० साली आमच्या समितीपुढे आल्क्विस्टचं नाव आलं असतं तर? तरुणाने मोबाइल दाखवून म्हटलं असतं, सायटेशन नाहीत. बागायतदार म्हणाले असते, उपयोग नाही. दोघांचं एकमत झालं असतं, दोघं मिळून चुकले असते, आणि तीस-पस्तीस वर्षांनी त्याच लेखाच्या जोरावर रायगडातली पोरं वाचली असती.

ज्या विषयावरून वाद पेटला त्या श्वासाचंही तसंच. फुप्फुसात पाणी भरलं की धाप का लागते? फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या शेजारी असलेले ग्राही मेंदूकडे संदेश पाठवतात म्हणून. हे शोधले भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑतार सिंग पेंटल यांनी, मांजरांच्या मज्जातंतूंतले एकेक धागे वेगळे करत, १९५०च्या दशकात. कोकणातल्या कुठल्या माणसाला त्या वेळी त्याचा उपयोग होता? आणि विंचू डसलेल्या, बसून धापा टाकणाऱ्या पोराच्या छातीत काय चाललंय ते त्याच्याशिवाय कळलं असतं का? याच पेंटलांनी १९८६ साली विज्ञानातल्या लबाडीवर लक्ष ठेवणारी सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज उभी केली, हे जाता जाता. हापूसचं कलम बांधणाऱ्यांना मी काय सांगावं? वर फांदी हापूसची, खाली मूळ रायवळ बाठ्याचं. पेटीवर नाव हापूसचं लागतं. म्हणून कुणी बाठा रुजवायचं थांबवत नाही.

सायटेशनच्या बाजूने एक उदाहरण उरतं आणि ते मला बराच काळ छळत होतं. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की पटकीचे (कॉलऱ्याचे) जंतू गाळून टाकले तरी उरलेलं द्रावण सशाच्या आतड्यात पाणी ओढतं. म्हणजे मारतं ते विष. पटकीबद्दलची सगळी समजूत त्यावर फिरली. आपल्या देशाने काय केलं? १९७३ साली ते निवृत्त झाले, १९८५ साली गेले, देशातल्या कुठल्याही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य केलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या कामाचं मोल जगापुढे ठसठशीत मांडलं कुणी? सायटेशनची सूची काढणाऱ्या त्याच गारफील्डने, १९८६ साली. आकडेवाले म्हणतील, बघा, माणसांनी डावललं आणि सायटेशनने न्याय दिला. खरं आहे. पण गारफील्डने काय केलं ते बघा. त्याने नुसता आकडा छापला नाही. डे यांचा लेख वाचला, तो उशिरा का ओळखला गेला ते शोधलं, पटकीच्या संशोधनात तो कुठे बसतो याचा नकाशा काढला. आकड्याने त्याला दारापर्यंत नेलं, आत तो वाचत गेला. आणि डे यांना जे हवं होतं, हयातीतली प्रयोगशाळा, पैसा, विद्यार्थी, ते मरणोत्तर सायटेशनने मिळालं नाही.

व्यवहारी माणसाचा शेवटचा अडथळा असतो तो वेळेचा. पाचशे अर्ज आले तर वाचायचं कोणी? पाचशे वाचू नयेत. आकड्याने ढोबळ चाळणी लावा हवी तर, आणि उरलेल्या पंधरांना सांगा, आपले तीन लेख द्या, प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहा आणि तुमच्यावर झालेली सगळ्यांत कडक टीकाही जोडा. पंधरा माणसांचे पंचेचाळीस लेख तिघांत वाटले तर एकाच्या वाट्याला पंधरा. निवड समितीला तेवढा वेळ नसेल तर तिने मानधन कशाचं घ्यायचं? ही काही माझी एकट्याची टूम नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी जाहीरनामाच काढला की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्यावरून, माणसाचं काम तोलू नका. जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सह्या करून पुन्हा आकडाच विचारणाऱ्याही आहेत म्हणा. आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक तिथे नेमले जातील, बढत्या मिळतील. त्यांतल्या एखाद्याने चिरेखाणीत धूळ खाणाऱ्या कामगारांचा श्वास पाच वर्षं मोजला आणि एकच लेख लिहिला, तर त्याच्या फायलीत तो एकच दिसेल. ती फाइल कुणी उघडून वाचणार आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

समितीची पुढची बैठक रविवारी आहे. परवा मी त्या प्राध्यापकांना फोन केला आणि तीन लेख मागितले. त्यांनी विचारलं, 'सगळ्यांत जास्त सायटेशनवाले पाठवू?' म्हटलं, तुम्हांला स्वतःला आवडतात ते पाठवा. 'एक जुना आहे,' ते म्हणाले, 'पण त्याला चारच सायटेशन आहेत, आणि त्यांतलं एक माझंच. चालेल?' चालेल म्हटलं. बागायतदारांनाही फोन केला. ते म्हणतात, मराठीत कुणी समजावून सांगत असेल तर दोन तास बसतो, नाहीतर काजूची बी वाळत घातलीय. समजावून सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं आहे. वाचनालयाचा प्रिंटर गणपतीपासून बंद आहे, तेव्हा उद्या सकाळच्या गाडीने प्रिंट काढायला लांज्याला जाईन.